चाळीस पावलांचा फुफाटा

"आणखी किती वर्षं, आबा?"

सिदगोंडाआबांनी वहाणेच्या अंगठ्यात बोट सरकवलं आणि काठी शोधू लागले. काठी त्यांच्या हाताशीच होती.

"नऊ झाली," धुळाप्पा म्हणाला. "मनगट बसवतो. खांदा बसवतो. घोटा तर डोळे झाकून बसवतो. मानेला हात कधी लावू देणार?"

"फुफाटा झाडलास?"

"झाडला की. रोजच झाडतो."

"झाडायच्या आधी काय दिसलं?"

"काय दिसायचंय त्यात? कालची माती."

आबा 'हं' म्हणाले.

"माळावर धोंडीबाच्या कळपात मेंढी पाय मोडून पडलीय. बघून येतो. मी येईस्तवर हात-पाय बघ. पाठीला आन् मानेला हात लावायचा न्हाई."

"आणि कुणी मान धरून आलं तर?"

"बसू दे सावलीत."

आबा निघाले. फुफाट्याच्या कडेकडेनं गेले. मधून ते कधीच चालत नसत. धुळाप्पाला वाटे, म्हाताऱ्याला पाय मळवायला नको असतात.

माळेवाडीच्या बिरोबाच्या देवळामागं आबांचा कट्टा होता. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. एका कोपऱ्यात तिळाच्या तेलाची बुधली, मधोमध बसका पाट, भिंतीला टेकवलेली सहा फुटी सागवानी फळी. हाडं बसवून घ्यायला चार तालुक्यांतून माणसं येत. रिक्षा असो की बैलगाडी, सगळ्यांनी लिंबाखाली उतरायचं. लिंबापासून कट्ट्यापर्यंत चाळीस पावलं. तेवढी वाट चाळलेल्या, भुसभुशीत मातीची, तोच फुफाटा. ती पेशंटनं अनवाणी, एकट्यानं चालायची. कुणी दंड धरायचा नाही, हा कट्ट्याचा रिवाज. अगदीच पाय टेकत नसेल त्यालाच उचलून आणत.

पेशंट चालत येई तेव्हा आबा त्याच्या तोंडाकडं बघतही नसत. खाली बघत. लोक म्हणत, आबा लाजाळू आहेत.

मग पाटावर बसवायचं. काय काम करतोस, कुठल्या कुशीवर झोपतोस, घागर कुठल्या खांद्यावर घेतोस, पडला होतास का, कधी, कशावरनं... सगळं विचारायचं. गळ्याजवळची बटणं सैल करायला लावायची. आणि मग हात नुसता ठेवायचा. दाबायचा नाही, चोळायचा नाही. पेशंटचा श्वास हाताखाली येईस्तोवर तसाच. कुणाचा दोन मिनिटांत येई, कुणी पाव तास घेई.

झटका अगदी शेवटी, तोही क्वचित. धुळाप्पानं मोजून ठेवलं होतं. शंभर माणसांत मानेचा झटका तिघांना, फार तर चौघांना. कडक आवाज होई, पेशंट दचके, मग डोळे उघडून इकडं तिकडं बघे आणि हसे.

ते हसू धुळाप्पाला हवं होतं. मनगट बसवल्यावर माणूस तसा हसत नाही, नुसता घाम पुसतो.

काही जणांना आबा हातच लावत नसत. "हे माझ्याकडचं न्हाई. मोठ्या दवाखान्यात जा. आत्ताच जा." एवढंच म्हणत. अशा वेळी धुळाप्पाला आबांच्या वतीनं लाज वाटे.

मान कशी धरायची हे त्याला पाठ होतं. घरी घोंगड्याची घट्ट सुरळी करून त्यानं हात बसवला होता. घोंगडं कधी कण्हलं नव्हतं.

*

दहाच्या सुमाराला लिंबाखाली रिक्षा थांबली.

कट्ट्यावर तेव्हा एकच पेशंट होती, गंगव्वा. तिचा गुडघा गेली सहा वर्षं दुखत होता, आणि तो बरा व्हावा अशी तिची फारशी इच्छा नसावी. गुरुवारी यायला तेवढंच निमित्त.

"कोण आलं रं?" तिनं डोळ्यांवर हात धरला.

धुळाप्पानं ओळखलं. तो उठला. तेरा वर्षांच्या पोरासारखे त्याचे हात आपोआप पाठीमागं गेले.

कुमुदिनीबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या हेडबाई. सातवीच्या वर्गात त्याची वही सगळ्या पोरांपुढं उघडून धरली होती त्यांनी. म्हणाल्या होत्या, "बघा रे. याच्या हाताला वळण नाही. या हातांनी काही व्हायचं नाही." सतरा वर्षं झाली होती. बाई कदाचित विसरल्याही असतील.

तो फुफाट्यातून लिंबाकडं जवळजवळ पळतच गेला.

"धुळाप्पा ना रे तू?"

"हो बाई."

"तूच बघतोस का आता इथं?"

त्याला नाही म्हणायचं होतं. "हो बाई," तो म्हणाला.

बाईंचा उजवा तळवा हनुवटीखाली होता. वर्गातही त्या अशाच बसत, हनुवटीखाली हात धरून, पोरांकडं बघत. धुळाप्पाला ते बघून बरं वाटलं. बाई काही बदलल्या नव्हत्या.

त्यानं त्यांचा दंड धरला. शिकवलेल्या बाईंना फुफाट्यातून एकटं कसं चालवायचं? चाळीस पावलं तो त्यांच्या बाजूनं चालला. त्या जरा अडखळत होत्या. वय झालं, त्याला वाटलं. तो समोर, कट्ट्याकडं बघत होता.

"मान आखडलीय," पाटावर बसताना बाई म्हणाल्या. "उशी चुकली. तीन दिवस झाले, इकडं वळत नाही की तिकडं वळत नाही."

"उशी लईंचा घात करती," गंगव्वा म्हणाली. "माझ्या जावंला तर—"

"गंगव्वा, गप बस जरा."

"बसते बाबा. डाक्टर झालास."

बाईंनी विचारलं, "काय करणार तू? कडकन वाजतं म्हणे."

"एकदाच वाजतं," धुळाप्पा म्हणाला. हे तो आबांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकत आला होता, म्हणून त्याचा आवाजही आबांसारखाच झाला. "आधी नुसता हात ठेवीन. मग कोमट तेल. मग श्वास सोडायला सांगीन, तेव्हा अंग ढिलं टाकायचं. आज बरं वाटंल. उद्या अंग ठणकंल, घाबरायचं नाही. परवा झोप येईल, झोपायचं. दोन दिवस डोक्यावर, खांद्यावर वजन नाही. पाणी भरपूर प्यायचं."

"दुखेल?"

"माझ्यावर सोडा, बाई."

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी हनुवटीखालचा हात काढला. काढताना त्यांचे ओठ घट्ट मिटले.

"बाई, घाबरू नगा," गंगव्वा म्हणाली. "धुळाप्पाचा हात लोण्यावाणी हाय. माझा गुडघा त्यानंच एवढा टिकवलाय."

धुळाप्पानं तेल कोमट केलं. दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. बाईंच्या मागं उभा राहिला. डावा तळवा जबड्याखाली, उजवा कानामागं. मान हातात आली.

श्वास यायची वाट बघायची होती. त्यानं पाच मोजले. बाईंचा श्वास वरच्या वर, छातीतच अडकलेला होता. येईल, सोडतानाच येईल, त्याला वाटलं. आबा किती वेळात येतील ते सांगता येत नव्हतं.

त्यानं मान किंचित उजवीकडं नेली. तिथं काही तरी अडलं. हेच ते. आबा इथंच थांबतात आणि मग...

"श्वास घ्या, बाई."

बाईंनी घेतला.

"आता सोडा..."

"धुळाप्पा."

आवाज मोठा नव्हता. लिंबाखालून आला होता.

"हात हलवू नको."

*

धुळाप्पाचे दंड जागच्या जागी थिजले.

"आबा, मी नुसतं..."

"बोलू नको. हलवू नको. आन् सोडू पण नको. हाय तसं धर."

आबा लिंबाखाली उभे होते. त्यांना धाप लागली होती. ते कट्ट्याकडं बघत नव्हते. ओणवं होऊन फुफाट्याकडं बघत होते.

मग ते कडेकडेनं निघाले. एक पाऊल टाकत, थांबत, काठीचं टोक मातीच्या वर धरून काही तरी मोजत. पुन्हा एक पाऊल.

चाळीस पावलं. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

धुळाप्पाच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. पुसायला हात नव्हता.  

पंधराव्या पावलाला आबा वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

धुळाप्पाच्या डाव्या अंगठ्याखाली काही तरी उडत होतं, टिक, टिक, टिक. बाईंची नाडी. मघाशी ती त्याला लागली नव्हती.

आबा कट्ट्याच्या पायरीशी आले. वर चढले नाहीत.

"बाई, पडलात कधी?"

"पडले नाही. उशी..."

"उशी मानंला लागती. पायाला लागत न्हाई. तुमचा डावा अंगठा लिंबापासनं माती ओढत आलाय."

बाईंनी डावा पाय मागं घेतला.

"बोटांत मुंग्या?"

बाई मान हलवायला गेल्या.

"बाई, मान हलवू नगा. तोंडानं सांगा."

"हाताच्या. कालपासून."

धुळाप्पानं हे विचारलं नव्हतं. पडलात का, हेही नाही. 

"मघाशी तुमची रिक्षा माळाजवळच्या खड्ड्यात आदळली," आबा म्हणाले. "माणूस कपाळाला हात लावतंय, न्हाई तर दांडा धरतंय. तुम्ही दोन्ही हातांनी डोकं धरलंत. म्हणून मी मेंढी तशीच सोडून फिरलो... कशावरनं पडलात?"



"स्कूटीवरून," बाई म्हणाल्या. "सोमवारी सकाळी, शाळेच्या मैदानावर. कुणी यायच्या आत शिकत होते. चोपन्नाव्या वर्षी हेडबाई स्कूटीवरून तोंडघशी पडली म्हटलं तर गाव हसेल, आबा."

"हसू दे की. हसतंय ते ऐकायला तुम्ही असाया पायजे."

आबा आता वर आले. त्यांनी बाईंना हात लावला नाही. त्यांनी धुळाप्पाच्या हातांवर हात ठेवले. म्हाताऱ्या तळव्यांखाली धुळाप्पाची बोटं थरथरत होती. आबा काही करत नव्हते, नुसते वाट बघत होते. हळूहळू थरथर कमी झाली.

"मुरगळ न्हाई ही," आबा अगदी हळू म्हणाले. "मोडलंय. तुझा हात मधी हाय म्हणून थांबलंय. आता तू दार हायेस, धुळाप्पा. उघडायचं न्हाई."

*

मग सगळं भराभर झालं, पण कुणी धावलं नाही. आबांनी धावू दिलं नाही.

दूध घालून परतणारा शिराजचा टेम्पो देवळापुढं थांबवला. फळी आणली. "कडंनं आणा, कडंनं. फुफाट्यात पाय घालू नगा," आबा एवढ्या घाईतही म्हणाले. शिराज, रिक्षावाला, आबा आणि गंगव्वा. तीच गंगव्वा, जिला गुडघ्यामुळं पायरी चढवत नसे.

"त्याचे हात हलणार न्हाईत," आबांनी सांगितलं. "मान जिथं हाय तिथंच. बाकीचं अंग आपण तिच्या खाली आणायचं. मी तीन म्हणतो तवा."

तीन म्हणाल्यावर बाई फळीवर होत्या. मानेच्या दोन्ही बाजूंना ज्वारीच्या पिशव्या लावल्या. कपाळावरून पट्टी गेली. धुळाप्पा फळीच्या डोक्याशी गुडघ्यांवर होता आणि बाईंचं डोकं त्याच्या दोन तळव्यांत होतं.

"आबा, तुम्ही धरा," तो म्हणाला.  "मला नाही जमणार."

"माझे हात कापतात. वय झालं."

"तुम्ही बरोबर तरी या."

"येऊन काय करू? मान तुझ्या हातात हाय."

आबांनी शिराजकडं बघितलं. "शिराज, लेक सासरी पोचवतोस तसा चालव."

तालुक्याचा दवाखाना बावीस किलोमीटर. त्यात तीन ओढे, अकरा गतिरोधक, आणि खड्डे कुणी मोजले नव्हते.

पहिल्या गतिरोधकाआधी शिराज ओरडला, "आला!" टेम्पोचं पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं. धुळाप्पानं कोपरं फळीवर रोवली आणि आपलं सगळं अंग त्या धक्क्याच्या वाटेत घातलं. धक्का त्याच्या गुडघ्यात शिरला, कमरेत गेला, खांद्यापर्यंत आला.

तळव्यांपर्यंत आला नाही.

"आला!"

चौथ्या गतिरोधकानंतर त्याला करंगळ्या जाणवेनाशा झाल्या.

"धुळाप्पा," बाई टेम्पोच्या वरच्या पत्र्याकडं बघत म्हणाल्या. "हात कापतायत का रे तुझे?"

"नाही बाई."

"खोटं बोलू नको. शाळेतही असाच बोलायचास."

"...कापतायत."

"बरं."

एक ओढा गेला.

"मघाशी तू ते करणार होतास," बाई म्हणाल्या. "कडकन."

 धुळाप्पाच्या डोळ्यातनं एक थेंब सुटला आणि बाईंच्या कपाळावरच्या पट्टीवर पडला. तोही त्याला पुसता आला नाही.

"रडतोस काय? हलेल ना माझी मान."

"नाही हलणार, बाई."

"मग बोल काही तरी. मला भीती वाटतेय."

त्याला काही सुचेना. त्यानं पाढे म्हणायला सुरुवात केली. एकोणिसाचा पाढा, जो त्याला सातवीत कधीच आला नव्हता. एकोणीस सत्ते त्यानं चुकवले. बाईंनी पत्र्याकडं बघतच दुरुस्त केले. "आला!" शिराज ओरडला. धुळाप्पानं पुन्हा कोपरं रोवली.

कुठल्या तरी वळणावर, कुठल्या ते त्याला नंतर सांगता आलं नाही, बाईंचा श्वास त्याच्या तळव्यांत आला. आत, बाहेर. आत, बाहेर. कट्ट्यावर ज्याची वाट त्यानं पाच आकडे बघितली होती, तो आत्ता आला, आणि त्याच्याशी काहीही करायचं नव्हतं.

*

दवाखान्यातली डॉक्टर त्याच्याहून लहान दिसत होती. तिनं फळी बघितली, पिशव्या बघितल्या, मग त्याचे हात.

"मी सांगेपर्यंत सोडू नका."

"हो."

मानेला पट्टा बांधून होईपर्यंत, एक्स-रेचा फोटो निघेपर्यंत तो तसाच होता. मग तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "आता सोडा."

त्याला सोडता येईना. तिनं एकेक बोट उघडलं.

फोटो दिव्यापुढं धरून ती बराच वेळ उभी राहिली. "मानेचा पाचवा मणका मोडलाय," ती म्हणाली. "तीन दिवस अशा फिरत होत्या? कुणी चोळायला, ओढायला गेलं असतं, तर..."

 

दुपारी बाईंना ॲम्ब्युलन्समधून जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. दार लागायच्या आत बाईंनी चादरीवरची बोटं उचलून दाखवली. पाचही.

संध्याकाळी तो कट्ट्यावर परतला, तेव्हा त्याचे हात छातीच्या वर जात नव्हते. गंगव्वानं त्याला हातानं चहा पाजला आणि टोमणा एकही मारला नाही. आबांनी तेल कोमट केलं, त्याच्या दंडांवर हात ठेवले आणि बसून राहिले.

काही विचारलं नाही. रागावले नाहीत. धुळाप्पा त्यांच्या रागावण्याची वाट बघत राहिला, ते झालंच नाही.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताना शिराजचा टेम्पो देवळापुढं थांबला.

"धुळाप्पा! बाईंच्या भावाचा फोन होता. ऑपरेशन उद्या. हातपाय हलतायत. डॉक्टर म्हणले, धरणाऱ्यानं धरली म्हणून हे दिवस दिसले." शिराजनं गिअर टाकला. "आणि बाईंचा निरोप हाय. एकोणीस सत्ते एकशेतेहतीस."

टेम्पो गेला. धुळाप्पा देवळापुढं एकटाच हसला. रात्रभर छातीवर असलेला धोंडा उतरला होता, आणि त्या जागी दुसरं काही तरी हळूच येऊन बसत होतं, हलकं, उबदार.

तो खराटा घेऊन कट्ट्याकडं आला.

आबा पायरीवर बसले होते. फुफाटा काल होता तसाच होता. कट्ट्याजवळच्या तुकड्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलेलं होतं. दवानं ते ओलं झालं होतं.

"आबा, बाई..."

"ऐकलं."

धुळाप्पा उभा राहिला. खराटा या हातातून त्या हातात घेतला.

"आबा, बावीस किलोमीटर. एकदा पण हलू दिली नाही."

"हां."

"काल तुम्हीच मान माझ्या हातात दिलीत."

"दिली."

"मग आता तरी..."

आबांनी काठीच्या टोकानं डालगं उलथवलं.

खाली पावलं होती. कडा अजून कालच्या इतक्याच धारदार.

"वाच."

धुळाप्पा उकिडवा बसला. नऊ वर्षं रोज सकाळी हे त्यानं खराट्यानं फरफर पुसलं होतं. आता बघताना मान खाली घालावी लागत होती.

"उजवं पाऊल पुरं हाय," तो हळू म्हणाला. "डाव्याचा अंगठा... आधी रेघ, मग पाऊल. चार बोटं लांब रेघ." त्यानं लिंबाकडं बघितलं. "लिंबाजवळ दोन बोटं असंल. येता येता वाढलीय."

"बाईंचं झालं. शेजारचं?"

शेजारी दुसरी पावलं होती. मोठी, अनवाणी. बाईंच्या पावलांना जवळजवळ खेटून.

"ती माझी."

"कुणाची हायेत ते न्हाई विचारलं."

धुळाप्पा गुडघ्यांवर आला. चवडा खोल रुतलेला होता. बोटं मातीत घुसलेली, पुढं ओढ घेतलेली. मागं...

तो मागच्या पावलाकडं सरकला. मग त्याच्या मागच्या. फुफाट्याच्या कडेकडेनं, आबा चालत तसा, तो लिंबापर्यंत गेला आणि परत आला. त्याला बराच वेळ लागला.

"टाच न्हाई," तो म्हणाला. "चाळीस पावलांत कुठंच टाच टेकली न्हाई. घाई झालेल्या माणसाची पावलं."



लिंबाखाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आजचा पहिला पेशंट. धुळाप्पा चटकन उठला. त्यानं खराटा आपल्या पावलांवर टेकवला आणि ओढणार, तेवढ्यात आबांची काठी आडवी आली.

"ऱ्हाऊ दे. ह्या पावलांच्या पेशंटचा नंबर अजून यायचाय."